घाटावरचा हक्क सोडू नका

धर्मांतर करणारा मनुष्य जुना धर्म सोडतो. नागरिक म्हणून असलेले आपले हक्क सोडत नाही. ही गोष्ट इतकी उघड आहे की, ती लिहून दाखविण्याची गरज पडू नये. परंतु परभणी जिल्ह्यातील गोदाकाठच्या गावांतून नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या काही कुटुंबांत आज एक विचार बळावत चालला आहे. तो मला घातक वाटतो, म्हणून त्याचा परामर्श येथे घेत आहे. तो विचार असा : "आपण आता बौद्ध झालो. आपल्याला पर्वणीचे स्नान नको, पिंडदान नको, गंगेत अस्थी सोडणे नको. मग गंगाखेडच्या घाटाशी आपला संबंध काय? घाट त्यांचा, नदी त्यांची. तेथे ते काय बांधतात आणि काय पाडतात, याची उठाठेव आपण कशाला करावी?"

या विचाराचा पूर्वार्ध बरोबर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती आपण पाळलीच पाहिजे. परंतु त्यावरून काढलेला उत्तरार्ध सर्वस्वी चुकीचा आहे. घाटावरील कर्मकांडाचा आपण त्याग केला, याचा अर्थ घाटाचाही त्याग केला असा होत नाही. ज्याला देवळात जावयाचे नाही, तोही देवळापुढच्या रस्त्याने चालतो; रस्त्यावरील आपला हक्क सोडून देत नाही. नदीचा काठ हा त्या रस्त्यासारखा आहे. तो सर्वांचा आहे, आणि आपण सर्वांत मोडतो.

प्रथम हा काठ म्हणजे काय, हे नीट ध्यानात घेऊ. गोदावरी आपल्या जिल्ह्यातील पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा या तालुक्यांतील गावांना लागून वाहते. पूर्णा नदी जिंतूर तालुक्यात येलदरीच्या धरणात अडते आणि पुढे कंठेश्वराजवळ गोदावरीस मिळते. दुधनेवर सेलू तालुक्यात निम्न दुधना धरण झाले आहे. गोदावरीवर ढालेगाव, मुदगल, तारुगव्हाण, मुळी व डिग्रस येथे उच्च पातळीचे बंधारे झाल्यापासून, उन्हाळ्यात जेथे पूर्वी वाळू दिसे तेथे आता कोसच्या कोस तलावासारखे पाणी उभे राहते. या पाण्याच्या कडेला भोई व कोळी मासे धरतात, परीट कपडे धुतात, गुराखी जनावरे पाजतात, शेतकऱ्यांचे पंप चालतात. स्मशानभूमी बहुधा काठालाच असते. आणि गावाच्या उताराकडे, पूर आला म्हणजे ज्या घरांत पाणी प्रथम शिरते, ती वस्ती पुष्कळ ठिकाणी आपली असते.

ही वस्ती उताराला का, याचे उत्तर आपल्या आजोबांना ठाऊक होते. नदी एक, पण पाणवठे अनेक. प्रवाहाच्या वरच्या अंगाला वरच्या जातींचा पाणवठा, त्यानंतर इतरांचा, आणि सर्वांचे धुणे-पाणी वाहून आल्यावर अगदी खाली आपला. वाहत्या पाण्याला जात नसते, म्हणून माणसांनी प्रवाहाच्या दिशेलाच जातीची उतरंड जोडून दिली. नदीचा उतार हा निसर्गाचा, परंतु त्या उतारावर कोणी कोठे उभे राहावे, हा नियम मनुष्यकृत होता. निसर्गनियम मोडता येत नाही. मनुष्यकृत नियम मोडता येतो, आणि तो मोडण्यासाठीच आपला लढा झाला.

मराठवाड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने रावबहादूर बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या. परभणी त्या वेळी निजामाच्या राज्यात होती. हा ठराव येथे लागू नव्हता. निजामी राज्यातील पाण्याची स्थिती काय होती, हे बाबासाहेबांनी स्वतः अनुभवले. १९३४ साली दौलताबादचा किल्ला पाहावयास गेले असता त्यांच्या मंडळींनी वाटेतील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटला म्हणून लोक अंगावर धावून आले. अखेर किल्ल्यात कोठेही पाण्यास हात लावावयाचा नाही, या अटीवर सोबत शिपाई देऊन त्यांना आत सोडण्यात आले. परदेशी विद्यापीठांच्या श्रेष्ठ पदव्या मिळविलेल्या, गोलमेज परिषदेत बसलेल्या पुरुषाची ही कथा. मग गोदाकाठच्या एखाद्या अडाणी शेतमजुराची काय अवस्था असेल, हे सांगावयास नको.

आता महाडकडे वळू; कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ते पाणी पवित्र आहे किंवा ते प्यायल्याने पुण्य लागते, अशी त्यांची समजूत नव्हती. महाडमधील सत्याग्रह हा समतेच्या स्थापनेसाठी होता, तीर्थासाठी नव्हता, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. म्हणजे पाणवठ्यावरील आपला हक्क जेव्हा प्रथम संघटितपणे बजावला गेला, तेव्हाच तो धार्मिक हक्क नव्हता. तो नागरिकत्वाचा हक्क होता. जो हक्क धर्मातून आलेलाच नाही, तो धर्मांतराने कसा जाईल?

महाडचा दुसरा धडा कायद्याचा आहे, व आमच्या समाजात तो फार थोड्यांना माहीत आहे. बोले ठरावास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केले होते. सत्याग्रहानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने तो ठराव मागे घेतला. त्याच वर्षीच्या १२ डिसेंबरला काही सवर्ण गृहस्थांनी बाबासाहेब व त्यांचे सहकारी यांच्यावर दिवाणी दावा लावला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी त्यास शिवू नये अशी अनादी काळापासूनची रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ८ जून १९३१ रोजी पहिला निकाल लागला, ३० जानेवारी १९३३ रोजी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाचा, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. सत्याग्रहाच्या दिवसापासून मोजले तर दहा वर्षांना तीन दिवस कमी. उच्च न्यायालयाने वादींचे म्हणणे पुराव्याच्या कसोटीवर घासले : रूढी अनादी आहे असे म्हणता, तर ती अनादी असल्याचे सिद्ध करा. वादींना ते सिद्ध करता आले नाही. 'पूर्वापार चालत आले आहे' या चार शब्दांपुढे मान तुकविण्याची आपल्या पूर्वजांना सवय लावली गेली होती. त्या शब्दांना पुरावा लागतो, आणि पुरावा नसेल तर त्यांना काडीचीही किंमत नाही, हे महाडच्या दाव्याने शिकविले.

भारताच्या संविधानाने हा हक्क मूलभूत करून ठेवला. अनुच्छेद १५ मधील दुसरे कलम वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणावरून कोणत्याही नागरिकास मज्जाव करता येणार नाही, असे त्यात आहे. 'स्नानघाट' हा शब्द संविधानात आहे, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. त्याला जोडलेली अटही पाहा : ती जागा पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेली असावी, अथवा सर्वसाधारण जनतेच्या वापरासाठी दिलेली असावी. तेव्हा ज्या घाटाच्या पायऱ्यांना, दिव्यांना वा कठड्याला सरकारी निधी लागला, तो घाट कोणत्याही एका पंथाचा उरत नाही. तीर्थक्षेत्राच्या नावाने आलेला पैसा हाही सरकारी तिजोरीतील पैसा आहे. त्या तिजोरीत बौद्ध शेतमजुराने विकत घेतलेल्या काडेपेटीवरचा करसुद्धा जमा झालेला असतो.

संविधानाच्या मागोमाग कायदे आले. अनुच्छेद १७ च्या आधारे अस्पृश्यता अपराध अधिनियम १९५५ साली झाला. १९७६ मध्ये त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले व शिक्षा कडक झाली. त्याच्या चौथ्या कलमात नदी, ओढा, झरा, विहीर, तलाव, नळ, स्नानघाट, स्मशानभूमी यांच्या वापरास अडथळा करणे हा गुन्हा ठरविला आहे. बाराव्या कलमाप्रमाणे, अनुसूचित जातीच्या व्यक्तीस असा अडथळा झाला तर तो अस्पृश्यतेच्या कारणानेच झाला असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे आहे. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करावयाचे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने नदी, पाणवठा, स्नानघाट व गावाची सामाईक साधने यांच्या वापरास आडकाठी करणे हाही अत्याचार ठरला असून, त्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास आहे.

हे कायदे केवळ शोभेचे नाहीत. कर्नाटकातील एका गावी नव्याने खोदलेल्या कूपनलिकेवर दलितांना पाणी भरण्यास धाकदपटशाने अडविले गेले. खालच्या न्यायालयाने शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने आरोपींना सोडले, आणि १९९२ साली आप्पा बाळू इंगळे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. संविधान लागू होऊन चार दशके उलटल्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला एका कूपनलिकेचा निवाडा करावा लागला. आपल्या महाराष्ट्रातही १९७० नंतरच्या दशकात बाबा आढाव यांना 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ घेऊन गावोगाव हिंडावे लागले होते, हे विसरू नये.

येथे नवदीक्षित कुटुंबांची एक शंका दूर केली पाहिजे. बौद्ध झाल्यावर अनुसूचित जातीचे संरक्षण जाते काय? पूर्वी केंद्राच्या कायद्याने ते जात असे. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्धांचाही समावेश झाला. म्हणून बौद्ध कुटुंबास जातीचे प्रमाणपत्र मिळते व ते अवश्य काढून ठेवावे. काही तरुण उत्साहाच्या भरात सरकारी दप्तरातील जातीचा रकाना कोरा सोडतात. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो; परंतु न्यायालयात भावना नव्हे, कागद दाखवावा लागतो. प्रमाणपत्रावरील पूर्वीच्या जातीची नोंद ही आपण जात मानतो याची कबुली नाही. आपल्यावर झालेल्या अन्यायाचा तो दाखला आहे.

आता आजच्या संकटाविषयी. 'शिवू नकोस' असे घाटावर उभे राहून मोठ्याने म्हणण्याची हिंमत आज सहसा कोणी करीत नाही. आजची भाषा निराळी आहे. 'सुशोभीकरण', 'नदीकाठ विकास', 'अतिक्रमण निर्मूलन' असे सभ्य शब्द कागदावर येतात. नकाशात घाट दिसतो, बगीचा दिसतो, वाहनतळ दिसतो; कोळ्याची होडी लावण्याची जागा दिसत नाही, परटाचा धोंडा दिसत नाही, स्मशानाकडे जाणारी आमची वाट दिसत नाही, आणि तीन पिढ्यांची वस्ती 'अतिक्रमण' या एका शब्दात बुजून जाते. अहमदाबादेस साबरमतीचा काठ देखणा झाला, त्याचे कौतुक सर्वत्र होते. परंतु त्यासाठी नदीकाठच्या हजारो गरीब कुटुंबांना शहराच्या कडेला जावे लागले व न्यायालयाचे दरवाजे ठोठवावे लागले, हे कौतुक करणारे सांगत नाहीत. मोठ्या शहरात जे घडते, ते लहान नगरपरिषदा उद्या अनुकरणाने करतात.

कोणी विचारील, पूर येतो तेथे माणसांनी राहावे काय? प्रश्न रास्त आहे. ऑगस्ट २००६ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये जायकवाडीतून सुटलेल्या पाण्याने गोदाकाठच्या गावांची काय दुर्दशा केली, ते आपण पाहिले आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा पाटबंधारे खाते आखते. निळ्या रेषेच्या आत घरे नसणे हेच शहाणपणाचे. मात्र ती रेषा झोपडीला जशी लागू होते, तशीच मंगल कार्यालयाला, धर्मशाळेला व धनिकाच्या बंगल्यालाही लागू झाली पाहिजे. आणि ज्यांना गावाच्या रूढीने उताराला बसविले, त्यांना उठविताना गावाने व सरकारने त्यांना गावातच, उंच जागेवर, मालकीच्या कागदासह जागा दिली पाहिजे. पूर्वजांना खाली ढकलणारा नियम एक आणि नातवंडांना बाहेर ढकलणारा नियम दुसरा, असे होता कामा नये.

कायदा याही बाबतीत आपल्या बाजूस आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या विसाव्या कलमाप्रमाणे नद्या, नाले, तलाव व सार्वजनिक वाटा राज्य सरकारच्या आहेत. परंतु सरकार हे त्यांचे मन मानेल तसे वागणारे मालक नव्हे. १९९६ साली कमलनाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बियास नदीकाठची एका हॉटेलास दिलेली जमीन परत घेतली आणि सांगितले की, वाहते पाणी, समुद्र, वने ही राज्याकडे जनतेची ठेव म्हणून असतात. राज्य हे विश्वस्त आहे. कूपनलिकेच्या प्रकरणात पीठावर बसलेले न्यायमूर्ती कुलदीप सिंग याही पीठावर होते. मला या योगायोगात अर्थ दिसतो : पाण्यापासून माणसाला हाकलणे आणि माणसांचे पाणी एकाच्या घशात घालणे, हे दोन्ही एकाच हक्काचे उल्लंघन आहे. पुढे २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग यांच्या प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश झाला. तो आदेश दाखवून आपल्या लोकांना भेडसाविले जाते. परंतु भूमिहीन मजुरांना वा अनुसूचित जाती-जमातींना सरकारने पट्ट्याने दिलेली जमीन, तसेच शाळा-दवाखान्याखालील जमीन अपवाद म्हणून नियमित करता येईल, असे त्याच निकालात लिहिले आहे. आदेश वाचून दाखविणारा अधिकारी अपवाद वाचीत नसेल, तर तो आपण वाचून दाखविला पाहिजे.

नदी हा बौद्धांचा विषय नाही, असे म्हणणाऱ्याने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुन्हा उघडून पाहावा. सिद्धार्थाने गृहत्याग का केला? बाबासाहेबांनी त्याचे कारण म्हातारा, रोगी व प्रेत यांच्या दर्शनात मानले नाही. शाक्य व कोलीय यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा पेटला आणि शाक्य संघाने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी मिळून वाद मिटवावा, अशी त्याची सूचना होती. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले, आणि त्याची परिणती त्याच्या गृहत्यागात झाली. ज्या धम्माच्या आरंभी नदीच्या पाण्याच्या न्याय्य वाटणीचा प्रश्न उभा आहे, त्या धम्माच्या अनुयायाने नदीकडे पाठ फिरवावी, हे विपरीत नव्हे काय?

सिद्धार्थाच्या सूचनेत आपल्यासाठी मार्गही आहे. काठावरचे कोळी, भोई, परीट, अल्पभूधारक शेतकरी हे धर्माने आपले नसले तरी नकाशातून तेही आपल्याबरोबरच पुसले जातात. त्यांच्याशी बोला, त्यांना बरोबर घ्या. गावाने काठाचा विचार करावयाचा तर सर्व बाजूंची माणसे एका बैठकीत बसली पाहिजेत. एका विश्वस्त मंडळाने वा एका ठेकेदाराने ते ठरविता कामा नये.

प्रत्यक्षात काय करावे? ग्रामसभेस कुटुंबातील स्त्रियांसह हजर राहावे आणि पाणवठा, स्मशानभूमी व तिकडे जाणारी वाट यांची नोंद ठरावात करून घ्यावी. नगरपरिषदेच्या हद्दीत राहणाऱ्यांनी विकास आराखडा प्रसिद्ध होताच मुदतीच्या आत लेखी हरकत द्यावी व तिची पोच घ्यावी. तोंडी तक्रार ही वाऱ्यावरची वरात आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज करून घाटाच्या कामाचा नकाशा, निधीचा आदेश व पूररेषेचा नकाशा मागवावा. तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. राहत्या घराची कर-पावती, वीजबिल, मतदार यादीतील नाव, मुलांचे शाळेचे दाखले असा प्रत्येक जुना कागद जपून ठेवावा. अडथळा झाला तर भांडणात न पडता त्याच दिवशी पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी.

आणि शेवटी, घाटावर जात राहा. संध्याकाळी मुलांना घेऊन जा, तेथे बसा, त्यांना पोहायला शिकवा. नमस्कार करू नका, नवस बोलू नका, कोणाच्या पूजेत विघ्नही आणू नका. पण जात राहा. वापराविना पडलेला हक्क कागदावर जिवंत राहतो, परंतु गावाच्या स्मरणातून तो लवकर नाहीसा होतो, आणि पन्नास वर्षांनी कोणी तरी उठून म्हणेल की, ही माणसे येथे कधी येतच नव्हती, ही पूर्वापार रूढी आहे. महाडला खोटी ठरलेली ती साक्ष आपल्याच गैरहजेरीने गोदाकाठी खरी ठरू नये.